वाटसरू नीलपंखाची नोंद: माझा अनुभव

पुण्यात पक्ष्यांच्या स्थलांतराचा हंगाम भर पावसातच सुरू होतो. ऑगस्ट सरता सरता नदीपात्रातल्या दगडांवर तुतवार शेपूट खालीवर करत फिरताना दिसतो. पाठोपाठ सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यांवर करडा धोबी येतो आणि भोरड्यांचे थवे उतरू लागतात. सप्टेंबरमध्ये कोथरूडच्या सोसायटीतल्या झाडावरही हिरवट पर्णवटवट्याची तुटक हाक ऐकू येते. ज्यांच्यासाठी लोक गाड्या भरून भिगवणला जातात, ती बदकं, पट्टकदंब वगैरे मंडळी यायला तेव्हा अजून बराच अवकाश असतो.

पाहुण्यांमध्येही दोन प्रकार आहेत. एक, इथे हिवाळाभर राहणारे. दुसरे, नुसते वाटेत थांबणारे. या दुसऱ्यांवर माझा फार जीव आहे. काश्मीर आणि मध्य आशियात वीण करून आफ्रिकेत हिवाळा घालवायला निघालेला युरोपीय नीलपंख त्यांतलाच. पश्चिम भारतातून जाताना तो मधे कुठेतरी काही दिवस थांबतो, खातो आणि पुढे निघतो. त्या दिवसांत त्या माळावर कोणी गेलंच नाही, तर तो येऊन गेल्याचं कुणाला कळतही नाही. असा एक पक्षी मला दिसला. त्याची नोंद पक्की होईपर्यंत काय काय करावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते, कारण पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या नव्याने भरणारे बरेच जण नेमके याच टप्प्यावर अडतात.

गेली काही वर्षं मी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर आणि ॲपवर याद्या भरते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या ऑड्युबन सोसायटीबरोबर २००२ साली सुरू केलेली ही व्यवस्था आता जगभर वापरली जाते. यादी भरणं वरवर सोपं आहे. जागा, सुरुवातीची वेळ, किती वेळ थांबलात, किती चाललात आणि कोणते पक्षी किती दिसले, एवढंच लिहायचं. शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? या प्रश्नाला बरेच जण घाईत काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. 'हो' म्हटलं, की तुमची यादी पूर्ण धरली जाते. मग त्यात कावळा नसेल, तर त्या तासाभरात तुम्हाला तिथे कावळा दिसला नाही, हीसुद्धा माहितीच ठरते. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये एखादा पक्षी आहे, हे दरवर्षी मोजता आलं की तो वाढतोय की घटतोय याचा अंदाज बांधता येतो. २०२३ साली आलेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि माळरानावरचे पक्षी व लांबून येणारे स्थलांतरित यांची स्थिती चांगली नसल्याचं त्यातून दिसतं. फक्त दुर्मीळ पक्षी तेवढा टाकायचा आणि चिमण्या-साळुंक्या वगळायच्या, ही सवय म्हणूनच मला पटत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. शहरात मिरवणुकीचे शेवटचे गणपती अजून रस्त्यावर होते, ढोल ऐकू येत होते. आमच्या गटातल्या काकांना मी पहाटे हडपसरहून गाडीत घेतलं आणि दिवे घाट चढून सासवडकडच्या एका माळावर गेलो. पावसाने उघडीप दिली होती. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि पाऊल टाकलं की नाकतोडे उडत होते. पाऊस संपताना माळावर किड्यांची अशी रेलचेल असते, म्हणूनच हे वाटसरू इथे थांबतात. डोंबारी, चंडोल, माळटिटवी, तारेवर कापशी घार, अशी नेहमीची यादी चालू होती.

पलीकडच्या विजेच्या तारेवर साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान असा एक पक्षी बसला होता. डोकं मोठं, चोच जाड. सूर्य त्याच्या मागे असल्याने तो नुसता काळा दिसत होता. आपला नेहमीचा नीलपंखही असाच तारेवर बसतो, तेव्हा पहिला विचार त्याचाच आला. आम्ही बांधाच्या कडेकडेने लांबून वळसा घेतला आणि सूर्य पाठीशी घेऊन पुन्हा दुर्बीण लावली. तेव्हा रंग दिसले.

"काका, हा आपला नाही."

"कशावरून?"

"छाती बघा ना. तपकिरी कुठेच नाही. डोक्यापासून पोटापर्यंत सगळी फिकट निळी आहे."

"बरं. पण अगं, तेवढ्यावर जाऊ नकोस. त्याला उडू दे. तोवर जे दिसतंय ते बोलून ठेव, पुस्तक नंतर उघड."

काकांची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. चित्र आधी बघितलं की डोळ्यांना चित्रातलंच दिसायला लागतं. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. ते टिपण अजून माझ्याकडे आहे: "सकाळचे सात वीस. तारेवर एक. आमच्यापासून साधारण चाळीस पावलं. डोकं, गळा, छाती, पोट एकसारखं फिकट निळं, छातीवर रेघा दिसत नाहीत. पाठ विटकरी. चोच काळी. डोळ्याजवळ थोडा काळपटपणा. आवाज नाही. दोनदा खाली उतरून किडा घेऊन परत तिथेच."

खाली उतरताना पंख उघडत होते, पण क्षणभरच, आणि तेही आमच्याकडे पाठ नसताना. पंख वरून दिसणं गरजेचं होतं. आपल्या नीलपंखाचा चेहरा आणि छाती तपकिरी-जांभळट असते, छातीवर पांढुरक्या रेघा असतात. उडाला की पंखांत गडद निळा आणि लखलखीत फिकट निळा असे पट्टे आलटून पालटून दिसतात. युरोपीय नीलपंखाची उड्डाणपिसं वरून जवळजवळ काळी असतात आणि फिकट निळा रंग पंखाच्या पुढच्या भागात असतो. छातीच्या रंगावर एकट्यावर विसंबणं बरं नाही, कारण युरोपीय नीलपंखाच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाची छातीही मळकट आणि रेघांची असते. पंखाची खूण दोघांत गल्लत होऊ देत नाही.

आम्ही तसेच थांबलो. एक धनगर मेंढ्या घेऊन आला.

"काय बगताय ताई?"

"तारेवरचा तो पक्षी."

"ह्यो व्हय? परवापास्नं हितंच हाय की. आपला निळा न्हाई ह्यो."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. रोज माळावर असणाऱ्या माणसाची नजर असते ही. मेंढ्या तारेखाली पोचल्या, तसा पक्षी उडाला आणि वळून आमच्यासमोरून गेला. पंखाचा पुढचा भाग निळा, मागचा सगळा काळा, पट्टे नाहीत. काका काहीच बोलले नाहीत, फक्त हात वर केला. मी तेही रेकॉर्ड केलं. कॅमेऱ्यात दोनच फोटो आले: एक सूर्यासमोरचा काळा आकार, दुसरा उडतानाचा हललेला, पण काळी पिसं दिसतील इतपत.

ईबर्डच्या ॲपमध्ये नाव टाकताच शेजारी लाल खूण आली. हे का होतं ते समजून घ्यायला हवं. प्रत्येक भागासाठी, वर्षातल्या त्या त्या काळासाठी, कोणते पक्षी किती संख्येने अपेक्षित आहेत याची चाळणी स्थानिक जाणकारांनी बसवलेली असते. पक्षी त्या चाळणीबाहेरचा असेल, संख्या खूप जास्त असेल किंवा तारीख अवेळी असेल, तर ॲप तपशील मागतं. हा पक्षी तारखेच्या मानाने लवकर होता. लाल खूण बघून काही जण नोंदच काढून टाकतात, काही जण रिकाम्या चौकटीत 'दिसला' एवढंच लिहितात. दोन्हींत नुकसान नोंदीचंच. चुकीचं ठरवण्यासाठी ती खूण नसते, तिथे आणखी माहिती हवी असते, एवढंच.

मी तिथेच बांधावर बसून रेकॉर्डिंग ऐकत तपशील लिहिला: किती अंतरावरून, उजेड कुठून, किती वेळ, काय दिसलं, काय दिसलं नाही. धनगरांनी सांगितलेलं 'परवापासून' हेही लिहिलं, पण ऐकीव म्हणून वेगळं. आपण स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं एकत्र करायचं नाही, हा नियम मी कसोशीने पाळते.

काही दिवसांनी पडताळणी करणाऱ्यांचा ईमेल आला. हे काम करणारे स्वयंसेवक असतात, स्वतः मुरलेले पक्षीनिरीक्षक असतात. पत्र सौजन्यपूर्ण होतं आणि त्यात नेमके प्रश्न होते. उडताना पंख वरून दिसले का? नेहमीच्या नीलपंखाचं पिल्लू नाही हे कशावरून ठरवलंत? हललेला फोटो मूळ आकारात जोडता येईल का? मला या प्रश्नांचा आनंद झाला. आपण माळावर जे स्वतःला विचारलं, तेच दुसऱ्या कोणीतरी काळजीने विचारावं, ही मोठी गोष्ट आहे. मी टिपण जसंच्या तसं लिहून पाठवलं. काळी उड्डाणपिसं, पट्टे नसणं आणि छातीवर तपकिरी रंग नसणं या तीन खुणा वेगळ्या मांडल्या. फोटो जोडला. पंखाच्या खालच्या बाजूबद्दल खात्री नव्हती, म्हणून त्याविषयी काहीच लिहिलं नाही.

नोंद मान्य झाली. तोपर्यंत ती सार्वजनिक नकाशावर दिसत नव्हती, माझ्या यादीत मात्र होती. मधल्या काळात आमच्या गटातली दोन मुलं त्याच माळावर जाऊन आली. त्यांना नीलपंख दिसला नाही, पण त्यांनी पूर्ण यादी भरली. मला त्यांचा अभिमान वाटतो. पक्षी गेल्याचा पुरावा त्या यादीत आहे, आणि तो माझ्या नोंदीइतकाच कामाचा आहे.

नंतरचा हंगाम नेहमीसारखा भरभरून गेला. दसऱ्याच्या सुमारास वेताळ टेकडीवर थिरथिरा आला. दिवाळीनंतर कवडी पाटला चक्रवाक उतरले. नदीचा फेस आणि अडकलेलं प्लास्टिक यांच्यामध्ये ते केशरी पक्षी बघताना दरवर्षी जीव तुटतो. नोव्हेंबरात आकाशाकडे लक्ष ठेवावं लागतं ते अमूर ससाण्यांसाठी. ईशान्य चीन आणि रशियाच्या टोकाकडून निघून ते नागालँड-मणिपुरात थांबतात, मग द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतात. उपग्रह ट्रान्समीटर बसवलेल्या ससाण्यांनी महाराष्ट्रावरून प्रवास केल्याचं नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडून. तेव्हा गटात नवे लोक येतात. त्यांना मी पुस्तक बंद ठेवून आधी बोलून टिपण करायला लावते. पहिल्या दिवशी सगळे अवघडतात, दुसऱ्या दिवसापासून छान बोलतात.

त्या माळाबद्दल मात्र सांगायलाच हवं. सरकारी भाषेत अशी जमीन पडीक असते. गवत, किडे, चंडोलाची घरटी, वाटेत थांबलेला नीलपंख यांतलं काहीच त्या शब्दात येत नाही. तिथे आता एका बाजूला चुन्याने आखणी झाली आहे आणि प्लॉटिंगचा फलक लागला आहे. ते प्लॉटिंग थांबवणं माझ्या हातात नाही. पण उद्या कोणी विचारलं, की इथे होतं काय, तर उत्तर द्यायला आमच्या सगळ्यांच्या याद्या आहेत, तारखेसह, वेळेसह, संख्येसह. म्हणूनच रिकाम्या हाताने परत आलेल्या सकाळीही यादी भरायची, हे आम्ही गटात ठरवून टाकलं आहे.

मागच्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा त्याच तारेखाली गेलो. नीलपंख नव्हता. डोंबारी होते, चंडोल होते, कापशी घारींची जोडी होती, पलीकडच्या बाभळीवर एक खाटीक होता. चुना टाकलेल्या भागात माळटिटवी मात्र एकही नव्हती. सगळं लिहिलं, यादी पूर्ण म्हणून पाठवली. या वर्षी काका म्हणतात, गणपती बसले की लगेच सुरुवात करू, म्हणजे तो आणखी लवकर येत असेल तर तेही कळेल.