स्वर्व्ह ड्राइव्ह: एका मॅग्नेटपायी गेलेले नऊ दिवस

2025च्या रोबोकॉनची, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेची, थीम बास्केटबॉल होती. तोंड बास्केटकडेच ठेवून रोबोला आडवं पळता यावं, म्हणून आम्ही पहिल्यांदाच स्वर्व्ह ड्राइव्ह करायला घेतला. प्रत्येक चाकाला दोन मोटर, एक पळवायला, एक वळवायला. कॅड (संगणकावरचं डिझाइन), बेव्हल गिअर (काटकोनात फिरणं पोचवणारे तिरक्या दातांचे गिअर), प्लेटचं लेझर कटिंग सगळं महिन्याभरात झालं.

अडलं ते एन्कोडरपाशी, म्हणजे कोन मोजणाऱ्या सेन्सरपाशी. चाक किती वळलंय हे कळायला एएस5600 नावाची एन्कोडर चिप लावली होती: शाफ्टच्या टोकाला 6 मिमीचं मॅग्नेट, समोर चिप. 90 अंश सांगितले की एक चाक 70वर थांबायचं, दुसरं 115वर. पीआयडी (मोटरला हव्या कोनावर आणणारं कोडमधलं गणित) बदलला, बेल्ट ताणला, चाकाचं मॉड्यूल दोनदा पूर्ण उघडलं. शेवटी कोनमापक चिकटवून चाक हातानं फिरवलं. रीडिंग फेरी पूर्ण करत होतं, पण मध्येच रेंगाळायचं, मध्येच धावायचं.

मॅग्नेटच चुकीचं होतं! दुकानदारानं "एन्कोडरचंच आहे" म्हणून दिलेल्या चकतीचा वरचा पृष्ठभाग उत्तर ध्रुव, खालचा दक्षिण. या चिपला हवी अर्धी चकती उत्तर, अर्धी दक्षिण. आमची मॅग्नेट जराशी केंद्राबाहेर चिकटली होती, म्हणून रीडिंग फिरत तरी होतं, आणि त्यानंच फसवलं. घेताना दुकानातच दोन चकत्या एकमेकींवर ठेवा आणि वरची फिरवा. सहज फिरली तर घेऊ नका. हिसका देऊन जागेवर परत आली तर तीच हवी. चिपचं स्टेटस रजिस्टर (चिप स्वतःची स्थिती जिथे नोंदवते ती जागा) पहिल्या दिवसापासून 'मॅग्नेट क्षीण' सांगत होतं. ते आधी वाचा, कोडला हात नंतर लावा.

आणखी एक, एएस5600चा आयटूसी पत्ता, म्हणजे सामाईक तारांवर (बसवर) चिप ओळखण्याचा क्रमांक, बदलता येत नाही. चार चिप एकाच बसवर हव्या असतील तर मल्टिप्लेक्सर (एका वेळी एकच चिप जोडून देणारा भाग) आत्ताच मागवून ठेवा. चाक 90 अंशांपेक्षा जास्त वळवूच नका, त्याऐवजी उलटं पळवा. हे कोडमध्ये चार ओळींत होतं आणि वेळ फार वाचतो.

नवी मॅग्नेट बसवली. चारही बेव्हल गिअर एकाच बाजूला घेऊन, चाकांना ॲल्युमिनियमचा सरळ पाइप टेकवून चाकांच्या कोनाचं शून्य लावलं. रात्री पावणेदोनला रोबो तोंड न वळवता वर्कशॉपच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा गेला. सिक्युरिटीचे काका दारात उभे होते. म्हणाले, "परत एकदा दाखवा."