रविवार, सहा अंडी आणि बंद दुकानं

शनिवारी रात्री सव्वादहाला मला आठवलं की घरात भाजी नाही. बर्लिनमध्ये या वेळी अशी आठवण येऊन काही उपयोग नसतो. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट दहाला बंद झालेलं, आता उघडणार ते थेट सोमवारी सकाळी. इथे रविवारी दुकानं बंद असतात आणि त्याचं मूळ चक्क राज्यघटनेत आहे. जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेच्या 139 व्या कलमाने रविवारला कामापासून विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं. 1949 च्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात म्हणा, पण दोन टोमॅटोंसाठी ट्रेनने जाऊन तिथल्या रांगेत उभं राहायचं? त्यापेक्षा जे आहे त्यात भागवलेलं बरं.

फ्रीजमध्ये होतं ते असं: सहा अंडी, सालासकट उकडलेले चार बटाटे, गुरुवारची वाटीभर मटकीची उसळ आणि अर्धा कांदा. ओट्यावर दगडासारखे झालेले दोन पाव. इथले लोक त्यांना श्रिप्पं म्हणतात. सकाळी कुरकुरीत, संध्याकाळी चामट आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र.

इथे आल्यावर पहिली दोन वर्षं अशा रविवारी मी एकच करायचे, बुर्जी. जे उरलं असेल ते कढईत टाकायचं, वर अंडी फोडायची आणि हलवत सुटायचं. बुर्जीला मी नावं ठेवत नाही. पण उसळीची बुर्जी, भाताची बुर्जी, कोबीची बुर्जी, सगळ्यांची चव शेवटी सारखीच लागते आणि रंग तर विचारूच नका. वांग्याच्या भाजीत एकदा अंडी घातली होती. तो राखाडी गोळा आजही डोळ्यांसमोर आहे. वांगं आणि अंडं यांचं जमवायला जाऊ नये, हे माझं ठाम मत.

मग एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजी काहीतरी द्यायला वर आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात थांबल्या. (आजी मी मनात म्हणते. तोंडावर आडनावाने आणि अहो-जाहो करूनच बोलायचं, दहा वर्षं शेजारी राहिलात तरी.) मी बटाट्यांवर अंडी ओतून कालथा उचलला, तशा त्या जवळजवळ ओरडल्याच, "लासेन झी एस इन रुहे!" म्हणजे, त्याला शांत राहू द्या.

बटाट्यांवर अंडी ओतून न हलवता त्या जे करतात त्याचं नाव बाउअर्नफ्र्यूश्ट्यूक, शेतकऱ्याची न्याहारी. नाव न्याहारीचं, पण खातात बहुतेक दुपारी किंवा रात्री. बटाटे आदल्या दिवशीचेच हवेत, यावर त्या अडून बसतात, आणि त्याला कारण आहे. उकडलेला बटाटा रात्रभर गार राहिला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, वरचं पाणी सुकतं आणि परतताना चकत्या मोडत नाहीत. ताजे उकडलेले घेतलेत तर भरीत होतं. इथे बटाट्यांच्या पिशवीवर तीन प्रकार छापलेले असतात: शिजल्यावर घट्ट राहणारे, मधले आणि पिठूळ. परतायला घट्ट राहणारे घ्यायचे. माझ्याकडे कायम पिठूळ यायचे, कारण पिशवीवरचं वाचायची तसदी मी कधी घेतलीच नव्हती.

कृती अशी काही नाहीच. चकत्या तेलात एकाच थरात पसरायच्या आणि खालून सोनेरी झाल्याशिवाय उलटायच्या नाहीत. मग कांदा. आजी त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, मी जिरं आणि हिरवी मिरची. चार बटाट्यांना तीन अंडी, दोन चमचे दूध आणि मीठ फेटून वरून ओतायचं, आच मंद करायची, झाकण ठेवायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. अंड्याचा पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांनाच जमायला लागतो. त्याला धग नको, वेळ हवा. इथल्या भाड्याच्या घरांत बहुतेक विजेच्या काचेच्या शेगड्या असतात. बंद केल्यावरही त्या बराच वेळ तापलेल्या राहतात. म्हणून मधोमध थोडं ओलं दिसत असतानाच शेगडी बंद करायची, उरलेलं काम ती काच करते. सोबत आंबवलेली काकडी. बर्लिनजवळच्या श्प्रेवाल्डची असेल तर आजी खूश.

उरलेल्या मांसाचे तुकडे घालून हाच पदार्थ केला की बर्लिनमध्ये त्याला होप्पेलपोप्पेल म्हणतात. मी मांस खात नाही, पण ते नाव उच्चारायला मिळावं म्हणून तरी करावंसं वाटतं.

तर या रविवारी मटकीची उसळ. उसळ, पालेभाजी, रस्सा, काहीही अंड्यात घालायचं असेल तर खरा शत्रू पाणी. गार उसळ तशीच फेटलेल्या अंड्यात कालवली की पाणी सुटतं, अंडं फाटल्यासारखं दिसतं आणि मध्ये कच्चं राहतं. म्हणून उसळ आधी एकटीच पॅनमध्ये रस आटेपर्यंत परतायची. पालक असेल तर मुठीत दाबून पिळायचा. भाजी गरम आणि कोरडी झाली की मगच अंडी. मीठही भाजीत आधीच असतं, ते विसरून मी एकदा पुन्हा घातलं होतं. उरलेल्या भाताचंही जमतं, पण भात शिजल्यावर लवकर गार करून फ्रीजमध्ये गेलेला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला नको, तो पुन्हा तापवला तरी पोट बिघडवू शकतो.

अंडी जुनी वाटत होती म्हणून आधी पाहून घेतली. इथे अंडी डझनाने नाही, सहा किंवा दहाच्या खोक्यांत मिळतात आणि प्रत्येकावर शिक्का असतो. माझ्या अंड्यांवर 1-DE-12 अशी सुरुवात होती. पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली ते सांगतो: 0 सेंद्रिय, 1 मोकळ्यावर फिरणारी, 2 बंदिस्त शेडमध्ये जमिनीवरची, 3 पिंजऱ्यातली. DE म्हणजे जर्मनी, आणि 12 म्हणजे शेजारचं ब्रांडेनबुर्ग राज्य. खोक्यावरची तारीख अंडं घातल्यापासून 28 दिवसांची असते. माझ्या अंड्यांची ती दोन दिवसांपूर्वी उलटली होती. पण ती तारीख 'या दिवसापर्यंत उत्तम' एवढंच सांगते, दुसऱ्या दिवशी अंडं मरत नाही. पाण्यात टाकून पाहिली. आडवी पडली तर ताजी, तळाशी उभी राहिली तर जुनी पण नीट शिजवून खाण्याजोगी, तरंगली तर टाकून द्या. अंडं जुनं होतं तशी त्याच्या आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून हे कळतं. माझी सहाही उभी होती, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. मग अर्धकच्चं काही करायचं नाही, मध्यापर्यंत घट्ट शिजवायचं, एवढं ठरलं.

श्रिप्पं संध्याकाळी कामी आली. शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून लोण्यात भाजायचा, वर साखर आणि दालचिनी. याला म्हणतात आर्मं रिटर, गरीब सरदार. आपल्याकडे 'शिळं' म्हटलं की नाक आधी वर जातं, इथे शिळ्या पावाला सरदारकी. माझा सरदार मात्र तिखट होता: साखरेऐवजी हळद, मिरची आणि फ्रीजरमधली कोथिंबीर. पाव फार कडक असेल तर आधी नुसत्या दुधात पाच मिनिटं ठेवा, नाहीतर बाहेर ऑम्लेट आणि आत पुन्हा दगड.

उसळीचं ऑम्लेट मी आजींना एक तुकडा नेऊन दिलं. त्यांनी वास घेतला, मोड आलेल्या मटकीकडे जरा संशयाने पाहिलं, खाल्लं आणि विचारलं, "हलवलं नाहीत ना?" नाही म्हटलं. मग आत जाऊन काकडीची बरणी घेऊन आल्या. तिच्यात दोनच उरल्या होत्या, त्या तिथेच उभ्या उभ्या आम्ही संपवल्या.

रिकामी बरणी मी वर घेऊन आले. काचेच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात रविवारी काही टाकायचं नसतं, आवाज होतो, शेजाऱ्यांची रुहे, म्हणजे शांतता, मोडते. बरणी दाराजवळ ठेवली आहे, उद्या सकाळी भाजी आणायला जाताना नेईन.