तुम्ही विचारलंत म्हणून: गवतावर जगणारं फूल मी का पेरते

गावाकडून फोन आला की हा प्रश्न ठरलेला: "ज्वारीतला टारफुला उपटत मोठी झालीस, आणि तिकडं इंग्लंडात तसलंच तण विकत आणून पेरतेस?" इतकी वर्षं टाळलं. आता सांगते.

हो, मी पेरते ते यलो रॅटल हे पिवळं रानफूल टारफुल्याच्याच कुळातलं. दोघांनाही हिरवी पानं आहेत, तरी दोघंही शेजाऱ्याच्या मुळात मूळ घालून पाणी आणि क्षार ओढतात. पण टारफुला आमच्या भाकरीवर जगतो. रॅटल 'राय' नावाच्या गवताचा जोर कमी करतं, आणि इथल्या खतावलेल्या जमिनीत हे गवत दुसऱ्या कशालाच डोकं वर काढू देत नाही. इंग्लंड-वेल्समधली फुलांची ९७ टक्के कुरणं १९३० नंतरच्या पन्नासेक वर्षांत गेली. गवत विरळ झालं तरच डेझी, नॅपवीड अशा रानफुलांना जागा मिळते.

हे मी अण्णांनाही सांगितलं होतं. ते जूनमध्ये आले तेव्हा मागच्या अंगणात तिसऱ्या खेपेला पिवळी फुलं धरली होती. पहिल्या वर्षी मी मार्चमध्ये बी टाकलं, एकही उगवलं नाही. त्याला आख्ख्या हिवाळ्याची थंडी लागते. दुसऱ्या वर्षी गवत नीट खरवडलं नाही. रात्री जेवताना मी कौतुकानं म्हणाले, "अण्णा, हे गवताच्या मुळातून शोषून घेतं."

पहाटे खाली आले तर अण्णा उकिडवे बसलेले, शेजारी उपटलेल्या झाडांचा ढीग. "बी धरायच्या आत काढलं बघ, पोरी."

टारफुल्याचं बी जमिनीत दहा-दहा वर्षं पडून राहतं, म्हणून बी धरण्याआधी उपटायचं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. रॅटल एका वर्षाचं झाड, त्याचं बी जेमतेम एखाददुसरं वर्ष टिकतं. ज्या उपायानं आमच्या रानातला टारफुला कधी हटला नाही, त्यानं माझं रॅटल एका सकाळीत संपलं.

मी ओरडले. काय बोलले ते लिहवत नाही. अण्णांनी हात धुतले, आणि परत जाईपर्यंत मागचं दार उघडलं नाही.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, खुरटलेल्या ज्वारीत उभा राहिलेला बाप पाहिला होतास ना? मग त्याच्यापुढं "शोषून घेतं" हे कौतुकानं कसं बोललीस? ती म्हणते, पण त्यांनी मला हाक तरी मारायची होती. तिचंही मला खोडता येत नाही.

या सप्टेंबरात गवत बुडापासून कापलं, निम्मी जमीन उघडी केली, ताजं बी टाकलं. अण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थंडी पडली का तिकडं?"

अजून नाही, मी म्हणाले.