ग्रीसचा युरो 2004: तीन हेडर आणि एक जुनी पद्धत

4 जुलै 2004, लिस्बन. युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. यजमान पोर्तुगालकडे फिगो, डेको आणि कोवळा रोनाल्डो. 57व्या मिनिटाला ग्रीसला सामन्यातला आपला पहिला कॉर्नर मिळाला. बासिनासने उजवीकडून चेंडू उचलला, गोलरक्षक रिकार्डो पुढे धावला पण चेंडूपर्यंत पोचला नाही आणि कोस्टिन्याच्या वर उडी घेत हारिस्तेआसने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 1-0. त्याआधी युरो 1980 आणि विश्वचषक 1994 धरून मोठ्या स्पर्धेत एकही सामना न जिंकलेला देश युरोप विजेता झाला.

याला नशीब म्हणणं मला पटत नाही. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध झागोराकिसचा उजवीकडून क्रॉस (बाजूने गोलसमोर उचललेला चेंडू) आणि हारिस्तेआसचा हेडर. उपांत्य फेरीत चेकविरुद्ध जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता त्सियार्तासचा कॉर्नर आणि डेलासचा हेडर; सिल्व्हर गोलचा नियम (जादा वेळेचा पूर्वार्ध संपताना जो पुढे, तो विजेता) असल्याने सामना तिथेच संपला. तिन्ही वेळा 1-0, तिन्ही वेळा हेडर. एकच गोष्ट तीनदा जमते ती सरावाने.

मागची बाजू तर त्याहून पाहण्यासारखी. बाकीचे संघ आपापली जागा राखून बचाव करत होते, तेव्हा जर्मन प्रशिक्षक ओट्टो रेहागेलने जुनं मॅन-मार्किंग काढलं, म्हणजे एकेका बचावपटूने एकेका आघाडीवीराला चिकटून राहायचं. सेइतारिडिस फ्रान्सच्या आँरीला सावलीसारखा चिकटला. या पद्धतीची मेख अशी की आघाडीवीर मुद्दाम मागे सरकला की त्याच्यावरचा बचावपटूही ओढला जातो आणि मागे भगदाड पडतं. ते बुजवायला सगळ्यांच्या मागे, कोणालाही न चिकटलेला, मोकळा डेलास. समोर झागोराकिस, बासिनास, कात्सुरानिस मधली पट्टी इतकी दाटीची ठेवत की प्रतिस्पर्ध्याला बाजूने क्रॉसच टाकावे लागत, आणि हवेतला चेंडू तर उंच डेलासच्या हक्काचा.

पद्धतीची दुखरी नसही होती. साखळीत रशियाने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. पिछाडीवर पडल्यावर ग्रीसला पुढे यावं लागलं, मोकळ्या जागा झाल्या, 2-1 हार. स्पेनइतकेच 4 गुण आणि तेवढाच गोलफरक. केवळ जास्त गोल केल्यामुळे ग्रीस पुढे गेला. बाद फेरीत मात्र एकदाही पहिला गोल खाल्ला नाही.

आणि पोर्तुगालला हे सगळं ठाऊक असायला हवं होतं. स्पर्धेच्या सलामीलाच पोर्तोमध्ये याच ग्रीसने त्यांना 2-1 हरवलं होतं. अंतिम सामन्यात तर सलामीला गोल करणारा ग्रीसचा कारागुनिस निलंबित होता.