किती पानं धरू?

रविवार, रात्री साडेदहा

आज शेवटी यादीला बसलो. लेक, होणारा जावई, त्याचे आईवडील, हे आणि मी. कार्यालय एरंडवण्यात मिळालंय, फेब्रुवारीतला गुरुवार, सकाळचा मुहूर्त. मुलांनी आकडा आधीच ठरवून ठेवला होता. दोन्हीकडची मिळून २५० माणसं, म्हणजे आमच्या वाट्याला १२५. मी बोटांवर मोजायला लागले तर चुलत, मावस, आते, मामे भावंडं आणि त्यांची घरं यातच नव्वद संपले. माझ्या शाळेतल्या बायका, यांच्या ऑफिसातली माणसं, सोसायटी अजून बाहेरच.

लेक म्हणाली, "आई, हॉलमध्ये चारशे बसतात गं. पण येणाऱ्या प्रत्येकाशी मला चार शब्द बोलायचेत. नुसती फोटोला उभी नाही राहायचं." यावर काय बोलणार? तिचं खरंच आहे.

मग निघाला उत्तरांचा विषय. तिचं म्हणणं, मोबाइलवर एक फॉर्म पाठवू, अमुक तारखेपर्यंत येणार की नाही ते सगळे भरतील. मी ठाम नाही म्हटलं. लग्नाला बोलावलेल्या माणसाला 'येणार की नाही ते कळवा' असं आपल्यात म्हणत नाहीत, 'यायचंच' म्हणतात. व्याह्यांनी मान डोलावली, विहीणबाई गप्प राहिल्या. केटररला मात्र आठ दिवस आधी ताटांचा आकडा द्यायचा आहे, आणि दिलेल्या आकड्याचे पैसे माणूस येवो न येवो भरावेच लागतात. हे सगळं मला कळतंय. पण फॉर्म पाठवायला मन धजत नाही.

मंगळवार, दुपार

माळ्यावरून बाबांची ट्रंक काढली. पत्ते हवे होते. शनिवार पेठेतलं घर रिकामं केलं तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून उघडलीच नव्हती. वर घड्या घातलेली उपरणी, खाली पंचांगं, आणि सगळ्यात तळाला माझ्या लग्नाची वही. १९९३. पुठ्ठ्याची लाल बांधणी, कडा वाळवीने कुरतडलेल्या.

पुढच्या पानांवर पत्रिका कुणाकुणाला दिल्या ते. नावापुढे बाबांच्या खुणा: प्रत्यक्ष भेटून दिली त्याला 'भे', पोस्टाने गेली त्याला 'पो'. मधल्या पानांवर आहेर. स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं (चार आली होती), रुपये ५१, रुपये १०१, एक लोकरी शाल. शेवटच्या पानांना खळीने चिकटवलेल्या तारा, एकूण बारा. ज्यांना यायला जमलं नाही त्यांनी पाठवलेल्या. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, लेकीला मी त्या तारा दाखवल्या तेव्हा तिने त्यांवरून नुसता हात फिरवला. पण तार यायची लग्नाच्या दिवशी, कार्यालयाच्या पत्त्यावर. तोवर भात शिजलेला असायचा. म्हणजे माणूस येत नाही हे आचाऱ्याला कळायचं ते पंगती बसल्यावर.

आमच्या लग्नात मात्र उलट झालं. बाबांनी साडेतीनशे पानं सांगितली होती आणि माणसं साडेचारशेच्या वर गेली. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असं छापलेलं. त्या दोन शब्दांत पाहुण्याने घरातली किती माणसं धरायची याला मर्यादा नाही, आणि लोकांनी ते शब्द मनापासून घेतले. शेवटच्या पंगतीला जिलबी संपली, मसालेभात खरवडून वाढला, मठ्ठ्यात पाणी वाढवलं. वाढपी रिकामं ताट तिरपं धरून बाबांसमोर उभा होता आणि बाबा काही न बोलता त्या ताटाच्या तळाशी चिकटलेल्या पाकाकडे बघत होते. मी शालू सावरत व्याह्यांच्या पंगतीत बसले होते, मला ते समोरून दिसत होतं. भावाला जिलबी आणायला पिटाळलं, पण तो येईपर्यंत पंगत हात धुऊन उठली होती. बाबा त्या दिवशी कार्यालयात जेवलेच नाहीत. पुढे कित्येक वर्षं कुठल्याही लग्नात आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन किती उरलंय ते बघायचे.

आणखी एक गोष्ट या वहीत सापडली. ती लिहावी की नाही, असं दोनदा वाटून गेलं.

कराडचे मोठे काका माझ्या लग्नाला आले नाहीत. पत्रिका मिळालीच नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणत होते, पाठवली. या एका पत्रिकेवरून दोघा चुलतभावांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. पुढे बोलू लागले ते कुणाच्या तरी दहाव्याला. आज वहीत त्यांच्या नावापुढे 'पो' आहे आणि खाली पत्ता, सोमवार पेठेतल्या जुन्या घराचा. ते तर आदल्या वर्षीच विद्यानगरला राहायला गेले होते. अक्षर माझं आहे. पाकिटांवर पत्ते मीच घातले होते, रात्री जागून, तीनशेच्या वर. बाबांना हे कधी कळलं नाही, काकांनाही नाही. दोघेही आता नाहीत.

गुरुवार

पत्रिकेचा मजकूर ठरला. बुधवार पेठेतल्या दुकानात तासभर बसलो. शंभरच छापतोय. देवाला, वडीलधाऱ्यांना, आणि जिथे आम्ही स्वतः जाणार तिथे. बाकीच्यांना आधी फोन करायचा आणि मग मोबाइलवर पत्रिकेचं चित्र. नुसतं चित्र कुणालाही जाणार नाही, हे मी घरात सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. नमस्कार नाही, चौकशी नाही, दुपारी झोपेतून उठावं तर मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका येऊन पडलेली. असं बोलावणं मला तरी बोलावणं वाटत नाही.

'सहकुटुंब सहपरिवार' काढलं. हे म्हणाले, रिकामं रिकामं वाटतं. वाटू दे. त्या जागी पाहुण्यांची नावं हाताने लिहिणार आहे, घरातल्या ज्यांना बोलावलंय त्या सगळ्यांची, लहान मुलांचीही. 'चि. सौ. कां.' लेकीला नको होतं, तेही गेलं. दोन्ही आयांची नावं वडिलांच्या बरोबरीने, त्याच टाइपात. 'प्रत्यक्ष भेटून निमंत्रण देणे शक्य न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' ही ओळ मी ठेवू दिली नाही. वहीतला कराडचा पत्ता पाहिल्यापासून ती ओळ मला वाचवत नाही. खाली भाचीच्या मुलीचं 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' मात्र आहे. ते हवंच.

शनिवार

पौष लागायच्या आत पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीला गेली पाहिजे, असा सासूबाईंचा आग्रह. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना त्यांनीच हळदकुंकू लावलं, अक्षता बांधून दिल्या, सुपारी, नारळ. आनंदनगरहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गेलो, तिथे गाडी बदलून कसबा पेठ. सासूबाई पहिल्यांदाच भुयारी मेट्रोत बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पत्रिकेची पिशवी कुणाच्या हातात देईनात.

देवापुढे आधीच पाचसहा पत्रिका होत्या. आमची गुरुजींनी त्यांच्यावर ठेवली. सासूबाई हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "नातीचं लग्न आहे. सगळ्यांच्या आधी तू यायचंस." मागे उभ्या असलेल्या एका बाईंच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही.

बुधवार, रात्री

तीन दिवस फोन चालू आहेत. दोनशे पानी नवी वही केली आहे, नाव, फोन, कधी बोलले, काय म्हणाले, आकडा. आकड्याचा रकाना रिकामा राहत होता.

माणसं काय म्हणतात ते लिहून ठेवते. 'बघतो गं, जमवतो' म्हणजे बहुतेक येत नाहीत. 'विचारतेस काय, घरचंच कार्य' म्हणजे येतात, पण किती जण ते कळत नाही. 'रजेचं बघावं लागेल' हे खरंच रजेचं असतं. यात कुणाची लबाडी नसते. बोलावणाऱ्याचा विरस होऊ नये म्हणून तोंडावर नाही म्हणवत नाही, एवढंच. आणि मीही 'येणार ना नक्की?' विचारताना अडखळत होते. जणू मी त्यांच्या येण्यावर शंका घेतेय.

आज दुपारी सांगलीच्या मावसबहिणीशी असंच चाललं होतं. सासूबाई दिवाणावर वाती वळत होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "अगं, येणार का काय विचारतेस? किती पानं धरू ते विचार."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लहानपणी सणाच्या आदल्या दिवशी आजी स्वयंपाकघरातून हेच ओरडून विचारायची, उद्या किती पानं? पुढच्याच फोनला विचारलं, "वहिनी, तुमची किती पानं धरू?" क्षणभरही न थांबता उत्तर आलं, "तीन धर. धाकट्याची परीक्षा आहे, तो नाही येत." त्यानंतरच्या प्रत्येक फोनला आकडा मिळाला. आत्या म्हणाली, दोन, पण गुरुवार आहे, माझं एक उपवासाचं. एक जुने शेजारी म्हणाले, "आमची नको धरूस बाई, गुडघ्याचं ऑपरेशन आहे त्याच आठवड्यात." त्यांनी अगदी सहज नाही म्हटलं आणि मलाही ते लागलं नाही, कारण या प्रश्नात माणूस आपला आहे, येणार आहे, हे आधीच धरलेलं असतं. उरतो तो फक्त स्वयंपाकाचा अंदाज, आणि अंदाज सांगायला कुणाला संकोच वाटत नाही.

रात्री लेकीला सांगितलं. तिने मित्रमैत्रिणींसाठी केलेला तिचा फॉर्म उघडला, वरचा प्रश्न पुसला आणि तिथे टाइप केलं: तुमची किती पानं धरू? तसा फॉर्म गेला तर माझी काही हरकत नाही.

रविवार

आज सगळ्यात अवघड काम. ज्यांना बोलावत नाही त्यांना सांगायचं कसं.

सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत. तीन घरांना पत्रिका, बाकीच्यांना काय? हे म्हणत होते, नंतर पेढे देऊ, आधी कशाला बोला. पण लिफ्टमध्ये कुणीतरी विचारणारच, काय, घरात कार्य का? तेव्हा मी खाली बघायचं? बोलावणं नाही हे दुसऱ्याकडून कळलं की जास्त लागतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न झालं, आम्हाला नुसतं कळवलं, आणि कुणालाही राग आला नाही. पण तो आकडा सरकारचा होता. आता १२५ चा आकडा आमचा आहे, आणि यादीतली नावं मी माझ्या हाताने खोडली आहेत. शाळेतल्या अकरा बायकांपैकी चारच ठेवल्या. उरलेल्या सातजणींबरोबर मी बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आहे.

शेवटी असं लिहिलं, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी पाठवायचं ठरवलं:

'स.न.वि.वि. आमच्या लेकीचं लग्न ठरलं आहे. कार्य मोजक्या माणसांत करतो आहोत, त्यामुळे मनात असूनही सगळ्यांना बोलावता येत नाही, याची रुखरुख आहे. लग्नानंतरच्या रविवारी संध्याकाळी पाच ते आठ आम्ही चौघं घरीच आहोत. मुलांना आशीर्वाद द्यायला आणि तोंड गोड करायला नक्की या. आहेर आणू नये.'

व्याह्यांनी वाचून 'रुखरुख' काढायला सांगितलं, पत्रात बरं दिसत नाही म्हणून. मी ठेवलं. सातजणींना पत्र नाही पाठवणार, एकेकीच्या घरी जाणार. दोघींकडे जाऊन आले. एकीने कपाळावर हात फिरवला, एक थोडी तुटक वागली. तिचा राग मला समजतो.

शुक्रवार

कराडला जाऊन आलो. हे म्हणाले फोन कर, मी नाही म्हटलं. विद्यानगरच्या घरी काकांचा मुलगा आणि वहिनी होती. पत्रिका, अक्षता दिल्या. मग वही काढली आणि तो पत्ता दाखवला. म्हटलं, दादा, हे अक्षर माझं आहे.

त्याने चष्मा लावला, पान बराच वेळ बघितलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं. दुसरं काही बोलला नाही. निघताना मी विचारलं, किती पानं धरू? म्हणाला, "बघू."

मंगळवार, रात्री

उद्या सकाळी आकडा द्यायचा. वही तीनदा बेरीज करून पाहिली. ११४ पक्की. पाच जणांचं उद्या दुपारपर्यंत कळेल, केटररला तसं सांगूनही ठेवलंय. उपवासाची नऊ पानं वेगळी. केटरर म्हणाले, पाचदहा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घेऊ. मी म्हटलं, जिलबीचं आधी बघा.

कराडहून काही आलेलं नाही. त्यांच्या रकान्यात मी पेन्सिलीने चार लिहिले होते. आत्ता त्यावरून पेन फिरवलं.