गोल मोजत नाहीत, मग मोजतात काय?

बेळगावात हॉकीच्या मैदानावर पंचांनी हिरवं कार्ड काढलं की पोराचं तोंड उतरतं. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद आणि दोन मिनिटं बाहेर. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या बंडू पाटलांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. इथे नॉर्वेत मात्र लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये हिरवं कार्ड मिळालेलं पोर ते घरी नेऊन फ्रिजवर लावतं. इथल्या फुटबॉल महासंघाच्या ‘फेअर प्ले’ उपक्रमातलं हे कार्ड. गोल केल्याचं नाही, चांगलं वागल्याचं.

ते कसं मिळतं, ते मी स्टव्हांगरच्या पावसात उभी राहून बघितलंय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्या दिवशी गोलकीपर होता. पाऊस आडवा, वारा थेट समुद्रावरून अंगावर. पाचवा गोल खाल्ला तेव्हा त्याच्या एका हातातला मोजा निसटून खाली पडला आणि कृत्रिम गवतातल्या काळ्या रबरी दाण्यांनी भरला. बोटं गारठलेली, डोळ्यांत पाणी, मोजा काही केल्या चढेना. समोरच्या संघातली पोरं ओरडत मध्यरेषेकडे पळाली. त्यातलाच एक अर्ध्या वाटेवरून परत फिरला. त्यानं मोजा उचलला, चड्डीवर दोनदा झटकला, माझ्या मुलाचा हात धरून आत घातला आणि मनगटावरची पट्टी ओढून घट्ट लावली. शब्दही बोलला नाही. आला तसा पळत गेला.

सामना संपल्यावर दोन्ही संघांनी ओळीनं हात मिळवले. आमच्या क्लबची पद्धत अशी की कार्डासाठी समोरच्या संघातलं मूल निवडायचं. आमचा कोच त्या पोरासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “पाचव्या गोलनंतर तू परत आलास आणि आमच्या कीपरचा मोजा घालून दिलास. मी बघितलं.” एवढं बोलून कार्ड त्याच्या हातात ठेवलं. टाळ्या वाजल्या, संपलं. ‘किती गुणी मुलगा’ वगैरे काही नाही.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. आपण मुलांना गुणी, शहाणा, संस्कारी म्हणतो. पण उद्या तसंच राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यातून मुलाला कळत नाही. तू परत आलास, मोजा घालून दिलास, असं सांगितलं की कळतं. आणि ते तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत सांगितलं, तेही हरलेल्या संघाच्या माणसानं. मुलाच्या दृष्टीनं याहून मोठी साक्ष कुठली?

याच्या मागची व्यवस्थाही सांगते, कारण हा काही एका कोचचा चांगुलपणा नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचे बालक्रीडेचे नियम 1987 पासून आहेत. मूल अकरा वर्षांचं होणार त्या सालापर्यंत निकालांचे तक्ते नाहीत, क्रमवारी नाही. बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं. छोट्यांच्या फुटबॉलमध्ये एक संघ चार गोलांनी मागे पडला की त्याला एक जास्तीचा खेळाडू उतरवता येतो. सामन्याआधी पंच आणि दोन्ही कोच मिनिटभर एकत्र येऊन बोलतात. यजमान क्लबचा एक पालक जॅकेट घालून कडेला फिरत असतो, आपापल्या पोरांच्या नावानं ओरडणाऱ्या आईबापांना मागे सरकवायला. पंच बहुधा चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा. त्यांच्या अंगावर कुणी मोठा माणूस ओरडला तर ते पोर पुढच्या शनिवारी येणार नाही, हे इथे सगळे जाणून आहेत. कोचसुद्धा कुणाचा तरी बाप किंवा आई, बिनपगारी.

यावर ‘मग ह्यांची पोरं जिंकायला शिकणार कधी?’ असा प्रश्न येणार, मला ठाऊक आहे. नॉर्वेची लोकसंख्या साधारण 55 लाख. आपला बेळगाव जिल्हा एकटाच 2011 च्या जनगणनेत 47 लाखांच्या पुढे होता. एवढ्याशा देशानं 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं जिंकली. एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर कुठल्याच देशाला एवढी सुवर्णं मिळाली नव्हती. सगळं श्रेय लहानपणीच्या नियमांना द्यावं असं मी म्हणणार नाही. बर्फ आहे, पैसा आहे. पण लहानपणी गोल न मोजल्यानं त्यांचं काही अडलं नाही, एवढं नक्की.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. बेळगावातल्या शहापूरच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेल्या कुणालाही विचारा. हलगी कडाडत असते, जोड लागते, पैलवान एकमेकांच्या हाताला माती लावून सलामी देतात. निकाल लागला की चीत झालेल्याला हात देऊन उठवायचं. हरलेल्या गड्यानं नेटानं लढत दिली असेल तर लोक त्याच्याही हातात इनाम ठेवतात, माइकवरचा निवेदक त्याचं नाव, त्याचं गाव आणि वस्तादाचं नाव पुकारतो. आणि जिंकून माजलेल्या पोराला वस्ताद तिथेच झापतो, घरी जाईपर्यंत थांबत नाही. चांगलं वागणं चारचौघांत नाव घेऊन सांगायचं, हे आपल्या मातीत आधीपासून आहे. आंतरशालेय स्पर्धांना येता येता ते कुठेतरी गळून पडलं. तिथे उरले ते सामनावीर, मालिकावीर, उत्कृष्ट गोलंदाज. फार तर ‘शिस्तबद्ध संघ’ म्हणून एक ढाल, आणि ती कशाबद्दल दिली ते ढाल घेणाऱ्यालाही माहीत नसतं.

मोठ्यांच्या गोष्टी मात्र आपण आवडीनं सांगतो. आपल्या कर्नाटकच्या गुंडाप्पा विश्वनाथांची तर प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात सांगितली जाते. 1980 च्या फेब्रुवारीत मुंबईची सुवर्णमहोत्सवी कसोटी, भारताचा कर्णधार विश्वनाथ. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिलं, पण त्याची बॅट लागली नव्हती याची स्लिपमधल्या विश्वनाथांना खात्री होती, म्हणून त्यांनी त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं मोठी भागी केली, सामना आपण 10 गडी राखून हरलो, आणि आज चाळीस वर्षांनंतरही लोक विश्वनाथांचंच नाव काढतात. पण येळ्ळूरच्या किंवा नंदगडच्या मैदानावर ‘सर, बॉल माझ्या पायाला लागून बाहेर गेला’ म्हणणाऱ्या सातवीतल्या पोरीचं नाव कोण काढणार? तिला तर त्याची जास्त गरज आहे. तिच्या संघातल्या पोरी त्या वेळी तिच्यावर चिडलेल्या असतात.

माझे मामा खानापूर तालुक्यात क्रीडाशिक्षक होते. हिरव्या कार्डाचं मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “चांगलं हाय की. पण बक्षीस लावलंस की पोरं पंचाच्या तोंडाकडं बघून चांगली वागालेत बघ. नाटक होतंय ते.”

मामांचं म्हणणं हवेतलं नाही. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी बघितलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं आपणहून चित्रं काढायला फारशी बसेनात. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे मामा, भीती खरी आहे, पण ती आधी जाहीर करण्याची. गुण नकोत, रोख रक्कम नको, ‘या स्पर्धेत सद्वर्तनाचं बक्षीस आहे’ असा फलक तर नकोच. कुणी काही केलेलं दिसलं तर द्यायचं, नाही दिसलं तर त्या दिवशी कुणालाच नाही.

त्यांची दुसरी अडचण जास्त अवघड होती. “तिकडं पोरं मजेला खेळतात गं. इथं तालुक्यावरनं जिल्ह्याला, जिल्ह्यावरनं विभागाला गेलं तर सर्टिफिकेट, त्यावर पुढं कोटा. बाप उभा असतोय लाइनीवर. खरं बोलून सामना घालवलेल्या पोराला घरी काय ऐकायला लागतंय, तुला ठाऊक नाही?” ठाऊक आहे. म्हणून तर हे कौतुक त्या बापाच्या देखत व्हायला हवं. सामना हरला असेल, पण माइकवरून पोराचं नाव, शाळेचं नाव आणि त्यानं काय केलं ते पुकारलं गेलं, तर घरी जाताना गाडीवर बोलणं वेगळं होतं. आखाड्यात हरलेल्या पैलवानाचा बाप मान खाली घालून जात नाही, ते यामुळेच.

निवड समोरच्या संघानं करायची, हा मुद्दा मी आपल्या भागासाठी मुद्दाम लावून धरते. आपल्याकडे मराठी शाळेची आणि कन्नड शाळेची पोरं एकमेकांना भेटतात ती बहुतेक वेळा मैदानावरच, आणि तीही प्रतिस्पर्धी म्हणून. त्या सामन्यानंतर कडोलीच्या मराठी शाळेच्या मुलांनी बसून ‘त्यांच्यातला कोण चांगला वागला’ हे ठरवायचं म्हटलं, तर आधी समोरच्या अकरा जणांकडे नीट बघावं लागेल. त्यांची नावं विचारावी लागतील. एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे.

मामा आता कामाला लागलेत. कार्डाचा मजकूर त्यांनी तयार केलाय, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. नाव, शाळा, आणि खाली दोन मोकळ्या ओळी, काय केलं ते लिहायला. त्या ओळी कोऱ्या असतील तर कार्ड द्यायचं नाही, एवढा एकच नियम. छपाईचा खर्च मी करतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही शाळेला किंवा मंडळाला दसऱ्याच्या स्पर्धांआधी हवी असतील तर कळवा, मामा स्वतः आणून देतील. फुटबॉलच पाहिजे असं नाही. कबड्डी, खो-खो, काहीही चालेल.