घुमट आरतीच्या ॲपचा स्क्रीन बदलताना आलेला माझा अनुभव

गोव्यातल्या आमच्या मडकईच्या घरी चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर गायची आरती, चांगली तासभर चालते आणि पुस्तक एकच, त्यावर सहा जणांची डोकी, म्हणून मी आरत्यांचं अँड्रॉइड ॲप करायला घेतलं. काकांनी एकच सांगितलेलं, "पाटावर फोन ठेवला की अक्षरं मोठी व्हायला हवीत, समेळावर बसलेल्यालाही दिसली पाहिजेत." समेळ म्हणजे घुमटाच्या साथीचा ढोल. म्हणजे एकाच स्क्रीनची दोन रूपं, एकात वर यादी खाली आरती, दुसऱ्यात नुसती आरती.

आधी स्क्रीनची मांडणी लिहिलेल्या दोन एक्सएमएल फाइल केल्या आणि बटण दाबलं की परत सेटकंटेंटव्ह्यू, म्हणजे स्क्रीनला फाइल लावणारी आज्ञा. स्क्रीन बदलला पण एकही बटण चालेना! दोन रात्री घालवल्यावर कळलं की ते दुसऱ्यांदा कॉल केलं की जुने व्ह्यू (स्क्रीनवरची बटणं, मजकूर वगैरे) जाऊन नवे बनतात, आणि माझा कोड मात्र जुन्यांनाच धरून, क्लिक लिसनर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) पण त्यांच्यावरच.

मग लेआउट-लँड फोल्डर केला, फोन आडवा केला की अँड्रॉइड आपणच दुसरी फाइल उचलतो. तालमीला देवीच्या आरतीचं तिसरं कडवं चाललेलं, पुतण्याने फोन उचलून आडवा केला आणि समोर यादीतली पहिली गणपतीची आरती. घुमटं थांबली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, फार वाईट वाटलं. फोन फिरला की ॲक्टिव्हिटी, म्हणजे तो अख्खा स्क्रीन, मोडून नव्याने बनते आणि निवडलेली आरती मी साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली. ती आणि अक्षरं मोठी आहेत की नाही हे, दोन्ही फोन फिरला तरी टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये टाकलं. शिवाय पाटावर सपाट ठेवलेला फोन आधी होता तसाच राहतो, तेव्हा फिरवण्यावर भरवसा नको, बटणच बरं.

शेवटी कन्स्ट्रेंटसेट, म्हणजे कुठला व्ह्यू कुठे बसेल याचा आराखडा. दुसरी फाइल क्लोन करायची (तिच्यातल्या जागा उचलायच्या) आणि अप्लायटू (त्या चालू स्क्रीनला लावायच्या), व्ह्यू तेच राहतात, फक्त त्यांच्या जागा बदलतात, त्यामुळे बटणं जिवंत. पहिल्याच रनला ॲप क्रॅश, कारण लेआउटमधल्या प्रत्येक व्ह्यूला आयडी लागतो आणि नावाखालच्या बारीक रेघेला मी दिलाच नव्हता. मग शेवटच्या आरतीला लपवलेलं 'पुढची' बटण परत दिसायला लागलं, कारण व्हिजिबिलिटी (दिसणं-लपणं) पण सेटमधलीच लागू होते, ती अप्लायटू नंतर पुन्हा गॉन (लपलेली) करावी लागली. अक्षरांचा आकार तर सेट बघतच नाही, तो वेगळा १८ वरून ३० एसपी (अँड्रॉइडमधलं अक्षरांचं माप) केला. अप्लायटूच्या आधी, बदल हळूहळू दाखवणाऱ्या ट्रान्झिशन मॅनेजरची एक ओळ टाका, स्क्रीन एकदम उडी मारत नाही, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

चवथीच्या संध्याकाळी फोन माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगलेल्या चौकटीखाली) पाटावर ठेवला. काकांनी स्वतः बटण दाबलं, यादी हळूच गेली, अक्षरं मोठी झाली आणि ते समेळ घेऊन मागे जाऊन बसले.